फोन घेताना न विचारला जाणारा प्रश्न

मोबाइलच्या दुकानात प्रश्नांची सरबत्ती ठरलेली असते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? रॅम किती? बॅटरी दिवसभर टिकेल ना? हप्त्यावर मिळेल का? 'याला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?' असे मात्र क्वचितच कोणी विचारते. बँक, आधार, डॉक्टरांचे रिपोर्ट, घरच्यांचे फोटो असे सगळे ज्या यंत्रात ठेवायचे, ते निवडताना सुरक्षेचा विचार बहुधा ऐकीव गोष्टींवरच होतो. त्यातले काही पक्के रुजलेले समज आणि त्यांमागची वस्तुस्थिती अशी.

गैरसमज १ : आयफोन हॅक होत नाही

वस्तुस्थिती : ऑगस्ट २०१६मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एक एसएमएस आला. तुरुंगांतल्या छळाची गुपिते हवी असतील तर लिंक उघडा, असे त्यात म्हटले होते. मन्सूर यांनी ती न उघडता मेसेज टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे धाडला. तपासात कळले, की लिंकवर बोट पडताच इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे 'पेगासस' हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरले असते. ॲपलने तातडीने आयओएस ९.३.५ आणून ती वाट बंद केली. पुढे लिंक उघडण्याचीही गरज उरली नाही. आयमेसेजवर नुसती येऊन पडलेली फाइल पुरेशी ठरू लागली. ही फट बुजवायला सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १४.८ यावे लागले.

ऑक्टोबर २०२३मध्ये शशी थरूर, महुआ मोइत्रा आणि महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियांका चतुर्वेदी यांच्यासह अनेक भारतीय नेत्यांना ॲपलकडून इशारे आले. सरकारपुरस्कृत हल्लेखोर तुमच्या आयफोनला लक्ष्य करत असावेत, असा त्यांचा आशय होता. कोणत्याही सरकारचे नाव ॲपलने घेतले नाही.

म्हणून आयफोन कच्चा ठरत नाही. अशी हेरगिरी अतिशय खर्चिक असते आणि ती निवडक माणसांवरच होते. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांच्यासाठी ॲपलने २०२२मध्ये 'लॉकडाउन मोड' दिला, तो याच कारणाने. एरवी आयफोनची खरी ताकद वेगळीच आहे : नवे अपडेट आले, की ते चालू शकणाऱ्या सगळ्या मॉडेलांना एकाच वेळी मिळते.

गैरसमज २ : अँड्रॉइड म्हणजे असुरक्षित

वस्तुस्थिती : अँड्रॉइडबद्दल असे सरसकट बोलताच येत नाही. मूळ प्रणाली गूगल बनवते, फोन कंपन्या तिच्यात आपापले बदल करतात आणि दुरुस्तीही बहुतेकदा त्या कंपनीमार्फतच ग्राहकापर्यंत पोहोचते. २०१५मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष सापडला. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने फोनमध्ये शिरकाव करता येईल, इतका तो गंभीर होता. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली. पण जाहीर झालेली दुरुस्ती आपल्या हातातल्या फोनपर्यंत येते का, हे कंपनी ठरवते.

यात मोठा फरक पडला आहे. २०२३च्या पिक्सेल ८ला गूगलने ७ वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. २०२४च्या गॅलेक्सी एस२४ला सॅमसंगनेही तेवढेच दिले. त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या गॅलेक्सी ए१६लाही ६ वर्षांची हमी आहे. म्हणजे सुरक्षा फक्त लाखाच्या फोनलाच मिळते, असे नाही.

इथेच बरेच जण फसतात. ही वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालेल्या तीन वर्षे जुन्या मॉडेलची बरीचशी मुदत आधीच संपलेली असते. सेकंडहँड फोनचेही तेच. पैसे मोजण्याआधी सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' आणि मग 'अँड्रॉइड आवृत्ती' उघडावे. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर तो फोन घेऊ नये.

गैरसमज ३ : फोन सुरक्षित, म्हणजे माहितीही खासगी

वस्तुस्थिती : चोर घरात शिरू न देणे ही एक गोष्ट आणि वॉचमनने आपल्या येण्याजाण्याची वही ठेवणे ही दुसरी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१मध्ये पिक्सेल आणि आयफोन शेजारीशेजारी तपासले. काहीही न करता पडून असलेले दोन्ही फोन सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधत होते. गूगलकडे जाणारी माहिती ॲपलच्या सुमारे २० पट होती. गूगलने या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

ॲपलने एप्रिल २०२१पासून ॲपना आपला माग काढण्याआधी परवानगी विचारणे सक्तीचे केले. पण आयक्लाउडवरच्या बॅकअपची किल्ली मुळात ॲपलकडेच असते. ती फक्त आपल्याकडे हवी असेल, तर 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' स्वतःहून चालू करावे लागते. अँड्रॉइडवर गूगलच्या जाहिरात सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरात आयडी पुसता येतो.

गैरसमज ४ : फोन आपले बोलणे ऐकतो, म्हणून जाहिराती दिसतात

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज टिपून पाठवणारे एकही सापडले नाही. काही ॲप मात्र वापरणाऱ्याच्या स्क्रीनवरच्या हालचाली टिपून बाहेर पाठवत होती. जाहिरातदारांना ऐकण्याची गरजच पडत नाही. शोध, लोकेशन आणि खरेदी यांवरून बराच अंदाज बांधता येतो.

गैरसमज ५ : अँटिव्हायरस टाकला, की चिंता मिटली

वस्तुस्थिती : ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज संस्थेने २०१९मध्ये २५० अँटिव्हायरस ॲपची परीक्षा घेतली. तीस टक्क्यांहून अधिक घातक ॲप ओळखणारी निघाली जेमतेम ८०.

आपल्याकडे धोका येतो तो व्हॉट्सॲपवरून. 'तुमच्या गाडीचे चलान', 'लग्नाची पत्रिका' अशा नावाची फाइल येते आणि तिच्या शेवटी 'एपीके' लिहिलेले असते. ती उघडताच अनोळखी स्रोतातून ॲप घेण्याची परवानगी मागितली जाते, मग एसएमएस वाचण्याची. दोन्हींना 'हो' म्हटले, की ओटीपी थेट भामट्याच्या हाती. चलान पाहायला कुठलीही फाइल लागत नाही. ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरच पाहता येते. ही एपीके फाइल आयफोनवर चालत नाही, हा त्याचा फायदा खराच. पण फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे दोन्ही फोन सारखेच.

गैरसमज ६ : वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, की सर्वांत सुरक्षित

वस्तुस्थिती : ती कोणती, यावर ते ठरते. पिक्सेल फोनसाठी बनलेली ग्राफीनओएस टाकल्यावर बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) पुन्हा लॉक करता येतो, त्यामुळे फोन सुरू होताना प्रणालीत फेरफार झाला आहे का, हे तपासले जाते. लिनिएजओएस जुन्या फोनना नवी आवृत्ती देते, पण बहुतेक फोनवर बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. शिवाय अशा फोनवर काही बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात. हौस आणि जाण दोन्ही असतील, त्यांनीच या वाटेला जावे.

बाकीच्यांसाठी निवड सोपी आहे. बजेट असेल आणि सेटिंग्जमध्ये डोके घालायचे नसेल, तर आयफोन. अँड्रॉइड हवा असेल, तर किमान पाच वर्षे अपडेट शिल्लक असलेले मॉडेल. आणि एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर दुकानदाराला किंवा भाच्याला विचारत बसू नये. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवावे, तितकी ते पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.