उतरायला पुरते, उडायला पुरत नाही

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात सुमारे ९,५०० चौरस किलोमीटरचे एक राखीव रान आहे: फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न. आत मोटारीला रस्ते नाहीत. जायचे तर पायी, घोड्याखेचरांवर, सॅमन नदीतून किंवा विमानाने. १९८० साली हे रान राखण्याचा कायदा झाला, तेव्हा वापरात असलेल्या धावपट्ट्या सहजासहजी बंद करता येणार नाहीत, असे कलम त्यातच घातले गेले. रान राखायचे आणि त्यात विमानेही उतरू द्यायची, ही तडजोड विरळाच.

या रानात आणि भोवताली उतरणाऱ्या विमानांत काही घरी बांधलेलीही असतात. अमेरिकेच्या नियमानुसार अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे लागते. पुढे इंजिन-पंख्याच्या जोडीनुसार सहसा २५ किंवा ४० तासांची चाचणी-उड्डाणे ठरलेल्या टापूतच करावी लागतात. सुट्या भागांचे किट खोक्यांतून येते; रिव्हेट मारायला मात्र कोणी येत नाही, आणि वर्षे तिथेच जातात. (भारतात घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव आठवतात. त्यांची झुंज मात्र दऱ्यांपेक्षा परवान्यांशी अधिक झाली.)

आखूड पट्ट्यांसाठी बांधलेल्या किटांपैकी ख्रिस हाइन्ट्झ यांचे १९८६ चे सीएच ७०१ मुद्दाम पाहण्याजोगे आहे. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे हे दोन आसनी विमान देखणे मुळीच नाही. पंख जाड आणि आखूड, आणि त्याच्या पुढच्या कडेसमोर, मध्ये फट ठेवून, पत्र्याची एक अरुंद पट्टी कायमची बसवलेली. हाच स्लॅट. विमान हळू उडवायचे तर नाक वर करून पंख हवेला अधिक तिरपा धरावा लागतो. एका मर्यादेपलीकडे पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते, उचल ढासळते आणि विमान खाली बसते. स्लॅटमुळे पंखाच्या पुढच्या कडेवरचा ताण कमी होतो आणि फटीतून आलेला जोरकस झोत पाठीवरून सरकतो. त्यामुळे हवा बऱ्याच अधिक तिरपेपणापर्यंत पंखाला धरून राहते. परिणामी हे विमान ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही हवेत तगून राहते. १९३६ च्या जर्मन 'स्टॉर्ख' विमानाची करामत हीच होती.

स्लॅट फुकट मिळत नाही. सरळ उड्डाणात तो नुसता हवा अडवतो. म्हणून काही बांधणारे तो काढून टाकतात आणि पंखाच्या पाठीवर छोट्या पात्यांची रांग चिकटवतात. कोणते बरे, यावर त्यांच्यात न संपणारा वाद आहे.

खरी अडचण पंखात नाही, हवेत आहे. यलो पाइनजवळची जॉन्सन क्रीक ही गवताची धावपट्टी ४,९३३ फूट उंचीवर आहे, लांबी ३,४०० फूट, म्हणजे ऐसपैसच. पण उन्हाळ्यात पारा ३० अंशांवर गेला की तिथली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची जवळपास चतुर्थांश ताकद जाते, पंखा कमी हवा ढकलतो, आणि वेगदर्शकाचा काटा नेहमीच्याच आकड्यावर असला तरी जमीन सुमारे तेरा टक्के अधिक वेगाने सरकत असते. उतरण्याची धाव त्यामुळे पाव पटीने लांबते. तरी उतरणे निभावते, कारण ब्रेक आहेत, चढ आहे, गवत आहे. उडताना तेच गवत अडवते, आणि पट्टी संपल्यावर समोर झाडांची भिंत असते.

म्हणून इथे उड्डाणे भल्या सकाळी होतात. दुपारी दरीत वारा उठतो, तापलेल्या उतारांवर हवा उसळते. दरीतून जाताना वैमानिक एका कडेला चिकटून राहतो, म्हणजे मागे वळायला उरलेली सगळी रुंदी हाताशी राहते. मधोमध उडणाऱ्याकडे दोन्हीकडे अर्धीच उरते. पट्टीवर हरणे नाहीत ना, हे आधी वरून एक फेरी मारून पाहावे लागते.

बिग क्रीकच्या खोऱ्यातल्या ड्यूई मूर, माइल हाय, सिमंड्स आणि व्हाइन्स या चार पट्ट्यांची गोष्ट आणखी वेगळी. वनखात्याने त्यांना आणीबाणीपुरत्या ठरवले होते. माइल हायला चढ चढत उतरायचे आणि उतारावरून उडायचे. शेवटच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर जाता येत नाही, कारण समोरचा डोंगर विमानापेक्षा वेगाने वर चढतो. निर्णयाची जागा त्यामुळे पट्टीच्या बरीच अलीकडे, दरी अजून रुंद असते तिथे येते. तिथे स्लॅटचा काही उपयोग नसतो.