जुन्या डांबराचा नवा रस्ता किती टिकतो?

दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि एक दिवस दुकानाची पायरी रस्त्यापेक्षा खाली जाते. त्यावरचा उपाय म्हणजे जुना थर मिलिंग यंत्राने खरवडून काढणे. निघालेला माल टाकाऊ नसतो. त्यातली खडी आणि डांबर दोन्ही नव्या मिश्रणात वापरता येतात. ‘म्हणजे रस्ता लवकरच उखडणार’, ही शंका मात्र ठरलेली.

तिचे उत्तर अमेरिका आणि कॅनडातील वाहत्या रस्त्यांवर शोधले गेले. तेथे १८ ठिकाणी दोन प्रकारचे पट्टे शेजारी शेजारी टाकण्यात आले. एकात सगळा माल नवा, तर दुसऱ्यात सुमारे ३० टक्के जुना. ६ ते १७ वर्षे वाहतूक सोसल्यानंतर चाकोऱ्या आणि खडबडीतपणा या बाबतींत दोन्ही जवळपास सारखेच ठरले. भेगा मात्र जुन्या मालाच्या पट्ट्यांत काहीशा जास्त दिसल्या.

याचे कारण डांबराच्या वयात आहे. वर्षानुवर्षे हवा खाऊन ते कडक, ठिसूळ होते. म्हणून जुन्या मालाचे प्रमाण वाढवले की सोबत मऊ दर्जाचे नवे डांबर घालावे लागते. हा माल थेट ज्वाळेवर तापवला तर डांबर करपते; त्यामुळे तो बहुधा तापलेल्या नव्या खडीच्या उष्णतेनेच गरम करतात. पावसात उघडा पडलेला ढीग असेल, तर ती उष्णता पाणी वाळवण्यातच जाते. ढिगावर साधे छप्पर नसणे, हेही अशा रस्त्याच्या दुखण्याचे मूळ असू शकते.