घोड्याचा खूर, माणसाचे नख आणि गजकर्णाची बुरशी

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेचे वेध लागतात. दत्तजयंतीपासून येथे जो घोडेबाजार भरतो, त्यात आपल्या राज्याबरोबरच राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखातून घोडे येतात. जाणकार मंडळी घोड्याचा रंग पाहतात, भोवरे पाहतात, चाल पाहतात, दात मोजतात. पण एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. ती म्हणजे तंग आवळतात त्या जागी किंवा खोगिराखाली केस गेलेला, रुपयाएवढा गोल, कोंडा सुटलेला चट्टा. आणि त्याच घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या मनगटावर तसाच लालसर, कडेने उठावदार गोल चट्टा असू शकतो.

घोड्याच्या अंगावरचा आणि माणसाच्या अंगावरचा हा चट्टा एकाच कुळातील बुरशीमुळे होतो. त्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. आज दवाखान्यात त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत या रोगाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने असतात. एकट्यादुकट्याचा हा रोग राहिलेला नसून घरेच्या घरे खाजवत बसलेली दिसतात. म्हणून ही बुरशी म्हणजे नेमके काय आणि ती आपल्या अंगावर का राहते, हे आज समजून घेऊ.

बुरशी ही वनस्पती नव्हे

पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री जमिनीतून वर येते, जागची हलत नाही, म्हणून पूर्वी बुरशीला वनस्पतीत मोजत. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच गटांत मांडणी केली आणि त्यात बुरशीला स्वतंत्र स्थान दिले. पुढे १९९३च्या सुमारास पेशींतील जनुकांची तुलना झाली, तेव्हा बुरशीचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. आश्चर्य वाटेल, पण अळंबी ही कपाशीच्या झाडापेक्षा आपली जवळची नातलग आहे!

याच्या खुणाही आहेत. झाड आपले अन्न स्टार्चच्या रूपात साठवते. बुरशी आणि प्राणी ते ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. झाड सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करते. बुरशीला मात्र आपल्यासारखेच आयते अन्न लागते.

मग प्राणी आणि बुरशी यांत फरक कोणता? फरक जेवण्याच्या रीतीत आहे. प्राणी अन्न पोटात घेऊन पचवतो, तर बुरशी अन्नातच जाऊन बसते आणि ते बाहेरच पचवते. तिचे शरीर म्हणजे केसाहून बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू पाचक रस बाहेर सोडतात, भोवतालचा पदार्थ विरघळवतात आणि तयार झालेला रस शोषून घेतात. शिळ्या भाकरीवर कापसासारखी दिसते ती तिची वरची बाजू. तिचे तंतू भाकरीच्या आत पसरलेले असतात. म्हणून वरची बुरशी खरवडून भाकरी खाणे योग्य नाही.

प्राण्यांचे साचे अनेक

प्राण्यांच्या शरीराची ठेवण मात्र या ‘पोटात घेऊन पचवण्या’भोवती बेतलेली आहे. प्राणिशास्त्रज्ञांनी शरीररचनेचे सुमारे तीस-पस्तीस मूळ साचे मानले आहेत. समुद्रातील स्पंजाला तोंड नाही की पोट नाही. तो अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत घेतो आणि त्यातले कण टिपतो. जेलीफिशला पोटाची पिशवी आहे, पण तिला एकच दार. त्याच दाराने खायचे आणि त्याच दाराने उष्टे टाकायचे. गांडुळापासून मात्र एक सोयीची रचना दिसते. आरपार नळी, एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला गुद. तोंड पुढे असल्याने डोके पुढे आले आणि शरीराला डावी-उजवी अशा सारख्या बाजू आल्या. घोडा आणि माणूस हे याच रचनेचे सुधारलेले अवतार असून त्यांना आतून हाडांचा सांगाडा आणि पाठीचा कणा मिळाला आहे.

कीटकांचे उलट आहे. त्यांचा सांगाडा बाहेर असतो. झुरळाचे, टोळाचे, तापीतल्या खेकड्याचे कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते. गंमत अशी, की बुरशीच्या पेशीची भिंतही कायटिनचीच असते.

रचनेतला हा फरक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शेतकरी बंधूंना बिव्हेरिया आणि मेटारायझियम ही नावे ठाऊक आहेत. किडींच्या बंदोबस्तासाठी फवारतात त्या या बुरशी आहेत. त्या किडीच्या कवचाला भोक पाडून आत शिरतात आणि कीड मरते. किडीचे शरीर हवेइतकेच गरम किंवा थंड असते. आपले तसे नाही. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि घोड्याचे त्याहून किंचित जास्त असते. या उबेत बहुतेक बुरशींची वाढ खुंटते. आजवर सुमारे दीड लाख जातींच्या बुरशींची नोंद झाली आहे. पण त्यांतील अगदी मोजक्याच निरोगी माणसाला आजारी पाडू शकतात, याचे एक मोठे कारण आपले ऊबदार रक्त हे आहे.

नखे खाणारी बुरशी

गजकर्णाच्या बुरशीने यातून पळवाट काढली आहे. ती आत शिरतच नाही. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो शरीराच्या आतील भागापेक्षा थंड असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केस आणि नखेही केराटिनचीच. घोड्याचा खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचे मोठे नखच होय. घोडा चारही पायांवर आपल्या मधल्या बोटांच्या नखांवर उभा असतो, असे म्हटले तरी चालेल. केराटिन पचवणे फार थोड्या सजीवांना जमते. या बुरशीला ते जमते. म्हणून तिला माणूस काय आणि घोडा काय, दोन्ही सारखेच!

ती कडेकडेने पसरते म्हणून चट्टा गोल होतो, मधला भाग बरा झाल्यासारखा दिसतो आणि कड लाल राहते. इंग्रजीत याला ‘रिंगवर्म’ म्हणतात, पण यात कृमी किंवा किडा काही नसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घोडा, गाय, कुत्रा, मांजर यांच्याकडून हा रोग माणसाला होऊ शकतो आणि असा चट्टा बहुधा जास्त सुजतो. पण सध्या आपल्याकडे जी साथ आहे ती मुख्यतः माणसाकडून माणसाला होणारी आहे. तेव्हा विनाकारण जनावरांवर आळ घेऊ नये.

औषधाची अडचण आणि मलमाचा घात

जिवाणू हे आपल्यापासून फार दूरचे. त्यामुळे आपल्याला धक्का न लावता त्यांना मारणारी औषधे पुष्कळ मिळाली. बुरशी आपली नातलग असल्याने तिला मारणारे औषध आपल्यालाही बाधू शकते. म्हणून बुरशीविरोधी औषधे मोजकीच आहेत. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असते, तर आपल्या पेशीत कोलेस्टेरॉल. बहुतेक औषधे या एवढ्याशा फरकावर नेम धरतात. या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातही पिंपरीचे नाव आहे.

आता मोजकीच असलेली ही औषधेही निकामी होऊ लागली आहेत. २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी भारत आणि नेपाळमधील रुग्णांच्या नमुन्यांवरून या बुरशीच्या एका जातीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. आपल्या देशाचे नाव अशा कारणाने जगभर जावे, ही खेदाची गोष्ट आहे.

हे का घडले? त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण एक आपल्या हातातले आहे. अंगाला खाज सुटली की माणूस दुकानात जातो आणि ‘खाजेचे मलम द्या’ म्हणतो. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, मलम चांगले वाटते. प्रत्यक्षात बुरशीशी झगडणारी शरीराची ताकद तेवढी दबलेली असते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरत असते. मलम थांबवले की रोग दुपटीने उसळतो. महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत ओरखड्यांसारखे पट्टे पडतात, आणि ते पुन्हा कधी पूर्ण जात नाहीत. कित्येक गरीब घरांतून डॉक्टरांच्या तपासणीपेक्षा जास्त पैसे या नळ्यांवर गेलेले असतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी नाव असेल, तर ती गजकर्णावर स्वतःच्या मनाने कधीही लावू नये.

काय करावे?

१. औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. चट्टा दिसेनासा झाला म्हणजे बुरशी गेली असे नव्हे. उपचाराला कित्येक आठवडे लागू शकतात.

२. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावे.

३. घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. एकट्याने घेतल्यास रोग फिरून परत येतो.

४. टॉवेल, अंतर्वस्त्रे, चादरी वेगळ्या ठेवाव्यात. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे करून वाळवावेत. ओलसर कपडे अंगावर घालू नयेत.

५. कमरेचा करदोडा सतत ओला राहतो आणि त्यात बुरशी टिकते. बरे होईपर्यंत तो काढून ठेवावा.

६. मुलाच्या डोक्यात गोल चाई पडून कोंडा सुटत असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही, पोटातून औषध लागते. नखाच्या रोगाला तर महिने लागतात.

७. रोग वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. साखर वाढलेली आणि स्टेरॉइडही चालू असेल, तर बुरशी किती भयंकर होऊ शकते, हे २०२१ मध्ये कोरोनानंतर आलेल्या म्युकरमायकोसिसने आपल्याला दाखवले आहे.

घोडेवाल्यांसाठी दोन शब्द. चट्टे असलेला घोडा वेगळा बांधावा. त्याचा खरारा, झूल, खोगीर दुसऱ्याला वापरू नये. हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यकांना दाखवावे. नवा घोडा घेतल्यावर काही दिवस निराळा ठेवणे शहाणपणाचे.

आणि दाणावैरणीचे भान ठेवावे. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूला इजा करून त्याचा जीव घेऊ शकतो. माणसांचेही तसेच. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ जण यकृताच्या विकाराने दगावले. ते विष अफ्लाटॉक्सिनचे होते, आणि शिजवून ते जात नाही. शेंगदाण्यावरही तीच बुरशी येते. बुरसट, कडवट दाणे निवडून फेकून द्यावेत. ते जनावरांनाही घालू नयेत.

यंदा यात्रेला जाल तेव्हा घोड्याच्या भोवऱ्यांबरोबर त्याची कातडीही नीट पाहा. आणि घरी आल्यावर आपलीही.