रानांतील सौर घरास जोड-जनित्र कोणतें घ्यावें?

सोलापूर जिल्ह्याचें नांव विजेच्या कामांत लहान नाहीं. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या तारमार्गानें दक्षिण भारताचें वीजजाळें उरलेल्या देशाशीं जोडलें गेलें आणि देशभर एकच जाळें झालें. शहराजवळ ६६० मेगावॉटचे दोन संच असलेलें औष्णिक केंद्रही आहे. असें असूनही गांवापासून मैल-दीड मैल आंत, रानांत वस्ती करून राहणाऱ्या कित्येक कुटुंबांस खांबाची वीज पोंचत नाहीं. अशा पुष्कळ घरांनीं छपरावर सौर प्लेटा व आंत बॅटऱ्या बसविल्या आहेत, आणि उघाडीच्या दिवसांत त्यांचें सुरळीत चालतें. अडचण येते ती झडीच्या दिवसांत. त्या वेळीं मनुष्य घाईनें बाजारांत जातो व दुकानदार दाखवील तें जनित्र, ज्यास सर्वत्र जनरेटर म्हणतात, उचलून आणतो. तें कसें निवडावें याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशीं पक्की करावी. सौर घराचें पोट सूर्यानेंच भरावयाचें आहे. जनित्र हा अडल्या दिवसाचा उसना बैल आहे. उसना बैल आपल्या औताच्या मापाचा आणावा. गरजेपेक्षां मोठा आणला तर त्याची वैरणच आपणांस खाऊन टाकते.

आधीं घराची जमाबंदी

महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें. तेथील पहिला धडा असा, कीं जमिनीची प्रत पाहिल्यावांचून आकार ठरवूं नये. विजेचेंही तसेंच आहे. घरांत काय चालतें, किती वॉटचें व किती तास, हें एका कागदावर लिहून काढावें. एक हजार वॉट एक तास चालले म्हणजे एक युनिट होतें.

एक मध्यम घर घेऊं. ९ वॉटचे सहा दिवे पांच तास लागले तर २७० वॉट-तास होतात. ३० वॉटचे, कमी वीज खाणारे तीन पंखे दहा तास चालले तर ९०० होतात. हेच पंखे जुन्या ७५ वॉटच्या पद्धतीचे असतील तर २,२५० होतील. लहान शीतकपाटास, म्हणजे फ्रिजला, सुमारें १,००० धरावे. दूरदर्शन संच चार तासांस २४०, मोबाईल वगैरे १००, मिक्सर १००, आणि टांकीवरील अर्ध्या अश्वशक्तीचा पंप अर्धा तास चालला तर ३००. बेरीज २,९१० झाली, म्हणजे दिवसाला तीन युनिटें.

सोलापूरच्या उन्हांत एक किलोवॉटच्या प्लेटा चांगल्या दिवशीं चार ते साडेचार युनिटें देतात. बॅटरी व इन्व्हर्टर यांतील तूट वजा जातां वरील घर त्यांवर चालतें. परंतु झडीच्या दिवशीं त्याच प्लेटांपासून जेमतेम एक युनिट मिळतें. तेव्हां रोजची खरी तूट दोन युनिटांची आहे. जनित्र निवडावयाचें तें या दोन युनिटांसाठीं, साऱ्या घरासाठीं नव्हे. आमच्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें साडेपांचशें मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा मोठा वांटा सप्टेंबरांत असतो. येथें कोंकणासारखा तीन महिने सूर्य झांकलेला राहत नाहीं. एकापाठोपाठ येणारे ढगाळ दिवस मोजकेच असतात.

मोठें तें चांगलें नव्हे

आतां बॅटरीकडे पाहूं. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या जोडल्या तर साठा ३.६ युनिटांचा होतो. पण शिशाच्या बॅटरीचा निम्माच साठा वापरावा, नाहीं तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. ही बॅटरी भरावयाची ती तिच्या साठ्याच्या दहाव्या हिश्शाच्या गतीनें, म्हणजे १५ ॲम्पिअरनें. याचा भार भरतो अवघा सव्वाचारशें वॉट. त्याच वेळीं फ्रिज वगैरे चालू ठेविला तरी एकूण भार सहाशें-सातशें वॉटांच्या वर जात नाहीं.

अशा घरास पांच केव्हीएचें डिझेल जनित्र आणलें तर तें आपल्या शक्तीच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर धडधडत राहील. डिझेल इंजिन फार हलक्या भारावर तासन्तास चालविलें असतां आंत पुरेसें तापत नाहीं, तेल पुरतें जळत नाहीं, आणि कांजळी व ओशट काळें तेल धुरांड्यांत सांचतें. घरचा ट्रॅक्टर लावून वीज करण्याची युक्ति पुष्कळांस सुचते. तीही याच कारणास्तव तोट्याची. दिवा लावावयास कोणी वाडा पेटवीत नाहीं.

पंपाची उचल

जनित्राचें माप बहुधा बॅटरी ठरवीत नाहीं, पंप ठरवितो. मोटार चालू होतांना क्षणभर तिच्या नेहमींच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालतांना सहाशें वॉट घेत असला तरी उचलीच्या वेळीं दोन-अडीच हजारांची मागणी करूं शकतो. याकरितां प्रथम एकटा पंप चालू करावा, तो स्थिर झाला म्हणजे मग चार्जर जोडावा. हा क्रम पाळला तर वरील घरास दोन ते अडीच केव्हीएचें जनित्र पुरतें.

पाटीवरील आंकडाही नीट वाचावा. २.५ केव्हीए म्हणजे २,५०० वॉट असें नेहमींच नसतें. पॉवर फॅक्टर ०.८ लिहिला असेल तर २,००० वॉटच मिळतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे व उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या बराच वर जातो. उंचीनें व उष्णतेनें इंजिनाची शक्ति थोडी घटते. म्हणून हिशेबाच्या वर पांचवा हिस्सा अधिक धरावा.

विहिरीवरील पांच अश्वशक्तीचा पंप मात्र या हिशेबांत ओढूं नये. त्याच्या उचलीसाठीं दहा-बारा केव्हीएचें यंत्र लागेल. त्यास सौरपंप वेगळाच असावा. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास दहा टक्के, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यास पांच टक्के हिस्सा भरून जमिनीच्या मानानें ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप ठेविलेला आहे. तो दिवसा प्लेटांवर थेट चालतो. त्यास बॅटरीही नको व जनित्रही नको.

पेट्रोल कीं डिझेल?

तीन केव्हीएच्या आंत पेट्रोलचें जनित्र हलकें, स्वस्त व दोरीनें सहज चालू होणारें असतें. त्यांतही इन्व्हर्टर पद्धतीचें असेल तर हलक्या भारावर इंजिनाची गति आपोआप कमी होऊन तेल वांचतें. किंमत मात्र अधिक पडते. रोज चार-सहा तास भारी काम असेल, आणि ट्रॅक्टरसाठीं घरांत डिझेल असतेंच, तर पांच केव्हीएच्या पुढें डिझेल घ्यावें. डिझेल जनित्रांस १ जुलै २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, हें जुनें यंत्र स्वस्तांत दाखविलें जाईल तेव्हां आठवावें.

खर्चाचा अंदाज असा. लहान पेट्रोल जनित्र सातशें वॉटांच्या भारावर तासाला सुमारें दोनतृतीयांश लिटर घेतें. बॅटरी भरतांना फ्रिज, पंप व मिक्सर त्यावरच चालविले तर तीन तासांत दिवसाची निकड भागते, व दोन लिटर लागतात. वर्षांत असे २५ दिवस धरले तर ५० लिटर. लिटरास शंभर रुपये मोजले तर ५,००० रुपये. हा खर्च झेपण्यासारखा आहे. तुटीचे दिवस याहून पुष्कळ अधिक येत असतील, तर मोठें जनित्र न घेतां प्लेटा वाढवाव्या. त्यांस तेल लागत नाहीं.

पेट्रोलविषयीं आणखी एक सूचना. आपल्याच उसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत असतें, आणि तें हवेंतील ओल शोषून घेतें. म्हणून पेट्रोल भरून यंत्र महिनोन्महिने ठेवूं नये. पावसाळा सरला म्हणजे टांकी रिकामी करून, कार्ब्युरेटरांतील तेल संपेपर्यंत चालवून, मग तें झांकून ठेवावें.

धुराचें भय

येथवर पैशाची गोष्ट झाली, आतां जिवाची. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. पाऊस लागतो म्हणून जनित्र पडवींत, कोठींत किंवा खिडकीखालीं ठेविलें, तर निजलेलीं माणसें निजल्या जागींच दगावतात. यंत्र घरापासून निदान वीस फूट दूर, वर छप्पर पण बाजू मोकळ्या, असें ठेवावें. झडीच्या दिवसांत आपल्याकडे वारा पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा असतो; म्हणून जागा घराच्या पूर्वेस किंवा ईशान्येस निवडावी. गोठा व कडब्याची गंजी यांपासूनही अंतर राखावें, आणि यंत्र तापलेलें असतां त्यांत तेल ओतूं नये.

जोडणी

जनित्राची तार इन्व्हर्टरच्या आंत येणाऱ्या बाजूस जोडावी. बाहेर जाणाऱ्या बाजूस कधींही नाहीं, दोन्ही वीज एकमेकांवर आदळून इन्व्हर्टर जळतो. कांहीं इन्व्हर्टर जनित्राची खालींवर होणारी वीज स्वीकारीत नाहींत. मागील बटण रुंद व्होल्टेजच्या बाजूस करून पाहावें. पुढेंमागें खांबाची वीज आली तर मध्यें बंद टप्पा असलेला चेंजओव्हर स्विच बसविल्यावांचून जनित्र चालवूं नये. एरव्हीं आपली वीज उलट तारेंत शिरून रोहित्रांतून उच्च दाबाची होते, आणि खांबावर चढलेला वायरमन प्राणास मुकतो. भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, स्वतंत्र व ओलसर जागीं द्यावें.

खरेदीपूर्वीं

पैसे मोजण्यापूर्वीं आपला पंप व आपला इन्व्हर्टर त्या जनित्रावर चालवून दाखवावा, अशी अट दुकानदारास घालावी; तो कचरेल तर दुसरें दुकान पाहावें. सुटे भाग व मिस्त्री तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं हें विचारावें. पहिलें इंजिन-तेल सुमारें वीस तासांनीं बदलावें, पुढें पुस्तिकेप्रमाणें. मृग निघण्यापूर्वीं यंत्र एकवार भारासह चालवून पाहावें व पावसाळाभर महिन्यांतून एकदां तसें करीत जावें.

जमाबंदीचा कागद मात्र खरेदीनंतर फेंकूं नये. तो मीटरपेटीशेजारीं चिकटवावा व नवा पंखा, नवा पंप आला कीं त्यांत नोंद करावी. दोन युनिटांच्या तुटीसाठीं सोसायटीचें कर्ज काढून दहा केव्हीएचें यंत्र दारांत उभें करण्याचा प्रसंग मग आमच्या वाचकांवर येणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.