शंभर वॉट की साठ?

जुरोंग ईस्टच्या एचडीबी सदनिकेसाठी स्टीरिओ निवडताना नजर आधी वॉटवर जाते. यामाहाचा आर-एस२०२ रिसीव्हर प्रत्येक चॅनेलला १०० वॉट देतो. त्याहून महाग ए-एस३०१ ॲम्प्लिफायर केवळ ६०. तरीही आवाजातील अंतर जेमतेम २ डेसिबलचे. दुप्पट मोठा आवाज भासण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. भिंतीपलीकडे शेजारी असताना तर एक-दोन वॉटच बहुधा पुरतात.

खरा भेद सोयींत आहे. रिसीव्हरमध्ये एफएम व ब्लूटूथ; ॲम्प्लिफायरमध्ये टीव्हीसाठी डिजिटल आणि रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो जोडणी. वडिलांच्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका घरून आणल्या असतील, तर रिसीव्हरला सुईचा क्षीण संकेत वाढवणारा फोनो प्रीॲम्प वेगळा घ्यावा लागेल. पुढे यंत्र भारतात न्यायचे झाल्यास वीज तिथेही २३० व्होल्टचीच. बदलायचा तो प्लग.