फ्लाय फिशिंगची सुरुवात : आधी मैदान, मग तळं

मंडळी, नेहमीच्या गळाला आपण शिसं बांधतो. त्या वजनानं दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. इथला गळ पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला, किड्यासारखा, वजन जवळपास नाहीच. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. जड दोरी हलक्या गळाला सोबत नेते.

हे हाताला कळायला पाणी लागत नाही. हिंगण्यातलं एखादं मोकळं मैदान पुरे. साधारण ९ फुटांचा रॉड घेऊ, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधू. रॉड मागे नेला की क्षणभर थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. नवशिके इथंच घाई करतात आणि दोरी पायाशी गोळा होते. पुढे खरा गळ लावला की टोपी आणि चष्मा हवाच.

ट्राउट थंड पाण्याचा मासा, तो आपल्याकडे नाही. आपल्याकडे मरळ आहे. पाण्यावर हलणाऱ्या वस्तूवर ती झडप घालते. पण पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला, तर तिथं गळ टाकायचा नाही. खाली आईबाप राखणीला असतात. त्यांची झडप भुकेची नसते, पिल्लांसाठी असते. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

आणि एक. आपल्याकडचे अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. आपला छंद, ती त्यांची रोजीरोटी. आधी विचारू, मग दोरी टाकू.