शिडामागचा खटाटोप

जहाजावर कॅमेरा घेऊन जाण्याची हौस यूट्यूबच्या कितीतरी आधीची. १९२९ साली अर्व्हिंग जॉन्सन नावाचा एक धडधाकट अमेरिकन तरुण ‘पेकिंग’ या चार डोलकाठ्यांच्या जर्मन मालवाहू जहाजावर चढला, तो मूव्ही कॅमेरा बरोबर घेऊनच. हॅम्बुर्गहून निघायचं आणि केप हॉर्नला वळसा घालून चिली गाठायचं, असा तो प्रवास. वादळ भरात आलं की हा गडी कॅमेरा घेऊन डोलकाठीवर. खाली डेकवरून छातीएवढं पाणी धो धो वाहतंय आणि त्यातच उभी राहून माणसं दोर ओढताहेत, ही दृश्यं त्याने वरून टिपली. पुढे १९८० मध्ये, म्हातारपणी, त्याने त्या चित्रीकरणाला स्वतःच्या आवाजात निवेदन दिलं. जेमतेम पाऊण तासाची ती फिल्म आज फुकट बघायला मिळते. जॉन्सन त्यात इतक्या उत्साहाने बोलतो की जणू परवाच घरी परतला आहे.

मग १९६८-६९ ची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत. एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मुआतेसिए निरोपाच्या डब्या गलोलीने जवळून जाणाऱ्या जहाजांवर भिरकावत असे. डोनाल्ड क्रोहर्स्ट या इंग्रज स्पर्धकाला बीबीसीने कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर देऊन पाठवलं होतं. हा गृहस्थ अटलांटिकच्या बाहेर पडलाच नाही. रेडिओवरून आपला खोटा ठावठिकाणा कळवत राहिला आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा हसरा ठेवून बोलत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट सापडली ती रिकामी. त्याने केलेलं चित्रीकरण ‘डीप वॉटर’ (२००६) या माहितीपटात बघायला मिळतं. कोणतंही सेलिंग चॅनल बघताना मला तो हसरा चेहरा आठवतो. समुद्रावर कॅमेरा सुरू आहे एवढ्यावरून समोरचं खरं मानायचं कारण नाही.

आज अशा चॅनलांचा सुकाळ आहे. साधारण २०१४ पासून लाट आली. कॅमेरे स्वस्त नि पाण्याला दाद न देणारे झाले होते आणि २०१३ मध्ये ‘पेट्रिऑन’ सुरू झाल्यामुळे प्रेक्षकांनी थेट वर्गणी द्यायची सोय झाली होती. साचा लवकरच ठरला. तरुण जोडपं नोकरी सोडतं, जुनी बोट घेतं, पहिल्या भागात उलट्या करतं, दहाव्यात बहामात पोहोचतं, पन्नासाव्यात मोठी बोट घेतं. पुढे एखादं बाळ. निळं पाणी, ड्रोनमधून टिपलेली पांढरी बोट, पोहण्याच्या कपड्यातली नायिका आणि शीर्षकात ‘आम्ही सगळं गमावलं!’. उघडून पाहावं तर पाण्याचा पंप बंद पडलेला असतो. या गर्दीतून निवड करायची माझी कसोटी एकच: काहीही घडत नसतं तेव्हा हे लोक काय दाखवतात? बोटीवरचा बहुतेक वेळ दुरुस्तीत, वाट बघण्यात आणि हवामानाचे नकाशे उलटसुलट करण्यात जातो. ते काम ज्याला दाखवता येतं, त्याचं चॅनल बघण्यासारखं.

या कसोटीवर पहिला नंबर बोट चालवणाऱ्याचा न लागता बोट बांधणाऱ्याचा लागतो. लिओ सॅम्पसन गुल्डन हा इंग्रज बोटसुतार आणि दर्यावर्दी. २०१७ मध्ये त्याने ‘टॅली हो’ नावाची बोट एका पौंडाला विकत घेतली. अल्बर्ट स्ट्रेंजने आराखडा केलेली आणि १९१० साली इंग्लंडातल्या शोरहॅमला बांधलेली ही बोट. १९२७ च्या फास्टनेट शर्यतीत इतकं वाईट हवामान होतं की निघालेल्यांपैकी दोनच बोटी शेवटापर्यंत गेल्या आणि ‘टॅली हो’ जिंकली. लिओला ती मिळाली तेव्हा अमेरिकेत ओरेगॉनच्या एका बंदरात कुजत पडली होती. ती त्याने ट्रकवर घालून वॉशिंग्टन राज्यात नेली, वर शेड उभारली आणि कामाला लागला. सोबतीला पांचो नावाचा पोपट आणि जगभरातून येऊन राबणारे स्वयंसेवक. बोट पुन्हा पाण्यात उतरली ती २०२४ मध्ये.

एवढी वर्षं लोकांनी काय बघितलं? तर फासळ्या. जुन्या बोटीच्या सगळ्या फासळ्या एकदम काढल्या तर बोटीचा आकारच मोडतो, म्हणून जुन्या फळ्यांच्या आधाराने तो धरून ठेवायचा आणि एकेक जोडी बदलत जायचं. नव्या फासळ्यांना त्याने ‘लाइव्ह ओक’ निवडला. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे झाड वाकडंतिकडंच वाढतं, म्हणून फर्निचरवाला त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. बोटीला मात्र तो बाकच हवा असतो. लाकडाचे तंतू फासळीच्या वळणाबरोबर वळत गेले तर ती चिरत नाही. प्रत्येक फासळी दोन पदरी, आणि एका पदरातला सांधा दुसऱ्या पदरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. त्यात आणखी एक गंमत अशी की फासळीची बाहेरची कड काटकोनात कापून चालत नाही. बोट नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होत जाते, तसा त्या कडेचा उतार इंचाइंचाला बदलतो. म्हणून मोठ्या बँडसॉवर एकाने लाकूड पुढे सरकवायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी कोन फिरवत जायचं. एकाचा हात क्षणभर थबकला तर महागाचं लाकूड जळणात. हे लिओ कसलाही आव न आणता, सावकाश समजावून सांगतो. चुकलं तर चुकलेलं दाखवतो, तुकडा बाजूला टाकतो आणि दुसरा घेतो. बोट ज्याच्यावर उभी राहते तो तळाचा दांडा, म्हणजे कील, त्याने पर्पलहार्ट या जांभळट, दगडासारख्या कठीण लाकडाचा केला. तो घडवताना रंध्याची पाती कशी बोथट होत जातात तेही त्यात आहे. मी सुतारकाम करत नाही, करणारही नाही. तरी ते भाग अर्धवट सोडवले नाहीत.

‘एकॉर्न टू अराबेला’ याच जातीचं, पण अधिक गावरान. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅन्बी गावात, समुद्रापासून दूर, दोन मित्रांनी घरच्या रानातले ओक तोडून ३८ फुटी बोट बांधायला घेतली. २०२३ मध्ये ती तरंगली. तिचा आराखडा विल्यम ॲटकिन यांचा, आणि इथे धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. ॲटकिननी नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांवरून बेतलेल्या आणखी एका आराखड्यावर १९६० च्या दशकात मुंबईत एक बोट बांधली गेली: ‘सुहेली’. सागवानी, ३२ फुटी, आपल्याकडच्या कारागिरांनी पारंपरिक हत्यारांनी केलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच घेऊन १९६८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये उतरले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, फाल्मथला परतले. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. नॉक्स-जॉन्स्टन यांचं नाव सर्वतोमुखी झालं, त्यांना पुढे ‘सर’ मिळालं. ज्या सुतारांच्या हातच्या सांध्यांनी दक्षिण महासागर सोसला, त्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? ‘टॅली हो’च्या शेडमध्ये होता तसा एक कॅमेरा त्या वेळी मुंबईत असता, तर नॉक्स-जॉन्स्टन यांच्या प्रवासापेक्षा मी ते चित्रीकरण आधी बघितलं असतं.

पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोबसाठी भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांनी ‘सुहेली’चीच प्रतिकृती, ‘तुरिया’, गोव्यात बांधून घेतली, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचललं. याच गोदीत ‘म्हादेई’ झाली होती, जिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. आणि ‘तारिणी’ही तिथलीच. नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये तिच्यातून जग फिरून आल्या. म्हणजे गोष्टींचा तुटवडा आपल्याकडे नाही. ‘टॅली हो’इतक्या बारकाईने, आठवड्यामागून आठवडा, त्या गोष्टी कोणी दाखवल्या नाहीत एवढंच.

आता प्रत्यक्ष समुद्रावर फिरणाऱ्यांकडे. ‘सेलिंग उमा’वरचे डॅन आणि किका हे दोघे वास्तुशास्त्र शिकलेले. जुनी ३६ फुटी बोट मातीमोलाने घेतली, तिचं डिझेल इंजिन उपटून टाकलं आणि विजेची मोटर बसवली. विजेच्या मोटरवर फार लांब जाता येत नाही, त्यामुळे वारा पडला की हे दोघे खरोखरच अडकतात. त्यांच्या व्हिडिओंत वाऱ्याची वाट बघणं वाट बघण्यासारखंच दिसतं, त्याला संगीत लावून पळवलेलं नसतं. तशा अवस्थेत ते पार आर्क्टिकमधल्या स्वालबार्डपर्यंत गेले. नॉर्वेचा एरिक ऑन्डेरा हिवाळ्यात एकट्याने उत्तर समुद्रात जाणारा. भिजलेली दाढी, कॅमेऱ्याशी चालू असलेली बडबड, आणि मागे राखाडी पाण्याचे डोंगर. वादळ अंगावर येण्याआधी शीड कधी आणि किती आवरायचं, हे त्याच्याइतकं जिवंत मला कुणी शिकवलं नाही. मी शिडाला हात लावलेला नाही तो भाग वेगळा.

‘सेलिंग ला व्हॅगाबॉन्ड’ हे या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं घर. रायली आणि इलेना हे ऑस्ट्रेलियन जोडपं. नोव्हेंबर २०१९ मध्ये हवामान परिषद चिलीहून माद्रिदला हलली आणि अमेरिकेत अडकलेल्या ग्रेटा थुनबर्गला विमान नको होतं, तेव्हा याच दोघांनी तिला आपल्या कॅटमरानमधून व्हर्जिनियातून लिस्बनला पोहोचवलं, तेही घरात तान्हं मूल असताना. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर अटलांटिक ओलांडणं हे काही सहलीचं काम नव्हे, म्हणून निकी हेंडरसन ही मुरलेली व्यावसायिक दर्यावर्दी बरोबर घेतली. त्यांचे जुने, अडाणीपणाचे भाग मला आवडतात. आताच्या चकचकीत बोटीवरचं आयुष्य बघायला हरकत नाही, पण त्याला माझ्या शंभर रुपयांची गरज आहे असं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र अशा बऱ्याच चॅनलांवर खटकते. बेटावर उतरलं की तिथली माणसं नुसती पार्श्वभूमीला असतात: हसरी मुलं, मासे देणारा म्हातारा, आणि दुसऱ्या दिवशी नांगर वर. शिवाय कागदपत्रांचं काम त्यांच्याकडे एका कटमध्ये उरकतं. आपला पासपोर्ट हातात धरून ते दृश्य बघणाऱ्याला मनातल्या मनात व्हिसाच्या रांगा दिसतात. फिरस्तेपणाची ही मोकळीक कुणाकुणाच्या वाट्याला जन्मानेच येते, याबद्दल अवाक्षर न काढणारे बरेच. काढणारे थोडे, पण ते लगेच ओळखू येतात.

उलट चांगलं चॅनल काय देतं त्याचं एक साधं उदाहरण म्हणजे नांगर. आपली कल्पना अशी की नांगर जड असतो आणि बोट धरून ठेवतो. खरं काम साखळी करते. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची, तेव्हा ती तळाशी आडवी पडते, ओढ आडवी लागते आणि नांगराचं टोक वाळूत रुतत जातं. साखळी कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर उपटला जातो. मग रात्री दोन वाजता गजर होतो, टॉर्चच्या उजेडात दोन माणसं पावसात कडाक्याने भांडतात आणि शेजारच्या बोटीची नाळ हातभर अंतरावर आलेली असते. हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या रूपात बहुतेक चॅनलांवर आहे. कुणी तो थरार म्हणून विकतं, तर कुणी दुसऱ्या दिवशी साखळी पसरून आपलं गणित कुठे चुकलं ते मोजून दाखवतं. मी दुसऱ्याचं चॅनल बघतो.

आता पैशाचं. जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब व्हिडिओ करणाऱ्याला देतं, पण जाहिरात बघणाऱ्यांच्या संख्येवर चालते. बघणारे वाढवायचे तर थरार हवा, भांडण हवं, बिकिनी हवी. फासळीच्या उतारावर अर्धा तास बोलणाऱ्याला ते गणित परवडत नाही. त्याला दरमहा थोडेथोडे पैसे देणारे काही हजार लोक लागतात, जे पुढचा भाग कंटाळवाणा असला तरी पैसे काढून घेणार नाहीत. ‘टॅली हो’चं बरंचसं लाकूड, ब्राँझ, मदतनिसांचा पगार या वर्गणीतून उभा राहिला. कोणत्याही बँकेने ज्या बोटीवर दमडी लावली नसती, ती लोकांनी पाण्यात उतरवली. वर्गणीचं समर्थन करायला मला याहून मोठं कारण लागत नाही.

भारतातून द्यायची तर कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात, एवढी कटकट आहे. पैसे द्यायचे नसतील तरी व्हिडिओ शेवटपर्यंत बघणं, हीसुद्धा मदतच असते. मात्र एकदम पाचसहा चॅनलांची वर्गणी भरू नये. बघून होत नाही आणि उगाच अपराधी वाटत राहतं. ‘टॅली हो’च्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. बोट पाण्यात उतरल्यानंतरचे भागही चांगले आहेत, पण बांधणीची सर त्यांना नाही, असं माझं मत.

आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांनी लाकडाची जागा घेतली असली, तरी लाकडी बोटी बांधणारे हात कोकणात अजून आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या शेजारी कुणी मोबाइल घेऊन पहिल्या फळीपासून बोट पाण्यात उतरेपर्यंत बसलं आणि सुताराला त्याच्या बोलीत बोलू दिलं, तर वर्गणीच्या यादीत पहिलं नाव माझं लिहावं.